बंद भोकांचा दगड

माझे वडील दगड चाटायचे. हे असं थेट सांगितलं की लोक हसतात, म्हणून पुढचंही लगेच सांगून टाकते. कोपरगावच्या बाहेर, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला, एक चुन्याची भट्टी होती. साखर कारखान्यात उसाचा रस निवळायला चुना लागतो, तो तिथून जायचा. भट्टीत भाजायची चुनखडी लांबून मालगाडीनं यायची. त्यातला कुठला दगड भट्टीत घालायचा आणि कुठला बाजूला फेकायचा, हे ठरवायचं काम अण्णांचं. वडलांना मी अण्णा म्हणायचे.

अण्णा हातोडीनं दगड फोडायचे, ताज्या फुटक्या बाजूला जीभ लावायचे आणि थांबायचे. जीभ चिकटली, ओल पटकन आत गेली, की म्हणायचे, "ह्यो पितोय." असा दगड आतपर्यंत सारखा भाजतो. जीभ नुसती घसरली तर दगड घट्ट, तो मधोमध कच्चा राहतो. आणि तिसरी जात सगळ्यात वाईट. तिला भोकं भरपूर दिसतात, पण ती आतून बंद असतात. असला दगड भट्टीत फटाफट फुटतो, त्याचा चुरा खालच्या दगडांमध्ये बसतो आणि सगळी भट्टी गुदमरते. ही तिसरी जात ओळखण्यात अण्णांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. मालकसुद्धा अण्णा आल्याशिवाय गाडी उतरवून घ्यायचे नाहीत.

गल्लीत मात्र त्यांना दगडचाट्या म्हणत. आणि घरात आई होतीच. "बाकीच्यांचे नवरे भाकर खात्यात, आमचा धोंडा खातो," हे तिचं ठरलेलं वाक्य. पाहुणे आले की हटकून म्हणायची. अण्णा हसण्यावारी न्यायचे. मला कळायला लागलं तेव्हा कळलं की ते हसत असले तरी त्यांना ते झोंबायचं.

आईच्या रागाला कारण होतं. मी चौथीत असताना अण्णांना साखर कारखान्यात पहारेकऱ्याची कायमची नोकरी मिळत होती. राहायला खोली, सणाला साखर, म्हातारपणाची सोय. आमच्या बुद्धवाड्यातल्या दोघांनी ती धरली आणि त्यांच्या पोरांचं भलं झालं. अण्णा गेले नाहीत. म्हणाले, "दारात दांडकं धरून हुभं ऱ्हायला डोकं कशाला लागतंय? हितं माझ्याबिगर भट्टी पेटत न्हाई." त्यानंतर आई लोकांच्या उसात खुरपायला गेली ती मी नोकरीला लागेपर्यंत. माझी शाळा, कॉलेज, पुण्यातलं वसतिगृह, सगळं तिच्या खुरप्यावर झालं. त्यामुळे घरात दोन बाजू पडल्या होत्या आणि मी आईच्या बाजूची होते. हे मी लपवत नाही. अण्णांचं ज्ञान म्हणजे एक हट्ट, आणि त्या हट्टापायी आईच्या पाठीचा कणा मोडला, असंच मी कितीतरी वर्षं मानत होते.

मी भूगर्भशास्त्र घेतलं ते काही अण्णांमुळे नाही. मार्क कमी पडले आणि तिथे जागा होती, एवढंच कारण. पण नशीब बघा, नोकरी लागली ती तेल शोधणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत, आणि काम मिळालं ते चुनखडीचं. मुंबईपासून दूर, समुद्राच्या तळाखाली चुनखडीचे जाड थर आहेत. विहीर खणताना त्या थरातून दगडाचे लांब दंडगोल वर काढतात. ते आमच्या टेबलावर यायचे आणि मी भिंग घेऊन त्यांच्याकडे बघत बसायचे. पहिल्या पगाराला घरी आले तेव्हा आई शेजारणींना सांगत होती, "पोरगी बी दगडातच गेली. पर ही चाटत न्हाई, ही हापिसात बसती." त्यात अभिमान होता नि टोमणाही होता. अण्णा बाहेर ओट्यावर बसून ऐकत होते.

नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं तेव्हा भट्टी बंद पडली. कारखाने बाहेरून तयार चुना आणायला लागले होते. मालकांनी निरोपही पाठवला नाही. अण्णा सकाळी नेहमीसारखे डबा घेऊन गेले, फाटकाला कुलूप बघून परत आले आणि डबा घरीच बसून खाल्ला. आई म्हणाली, "आता चाटा काय चाटायचं ते." हे झालं तेव्हा मी तिथे नव्हते, आईनंच मला सांगितलं, आणि सांगताना तिला थोडं वाईट वाटत होतं असं मला वाटलं. पण बोललेलं परत घेणारी बाई नव्हती ती.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात मी आठ दिवसांची रजा काढून घरी गेले. ऑफिसात तेव्हा एका विहिरीवरून वाद चालला होता. तिथे चुनखडीचे दोन थर लागले होते. वरचा थर बघणाऱ्याला भुरळ पाडणारा होता. कधीकाळी त्यात शिंपले होते, ते विरघळून गेले आणि त्यांच्या आकाराची भोकंच भोकं राहिली. सगळे साहेब त्या थरावर फिदा होते. खालचा थर मात्र पांढुरका, मठ्ठ, खडूसारखा. त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. मलाही वरचाच थर चांगला वाटत होता. तपासून, धुऊन, वाळवून झालेल्या दगडांचे फेकायचे तुकडे पडलेले असतात. त्यातला प्रत्येक थराचा एकेक मी पर्समध्ये टाकला आणि घरी आणला. तसं करायची परवानगी नव्हती. अण्णांचा वेळ जाईल, एवढाच माझा विचार होता. खेळणं द्यावं तसे मी ते तुकडे त्यांच्या हातात दिले.

दुपारची वेळ होती. आई दारात बसून ज्वारी पाखडत होती. अण्णांनी दगड हातात घेतले, उजेडात फिरवले आणि विचारलं, "समिंद्राच्या खाली तेल आलं कुठनं? कुनी वतलं?"

मी सांगायला बसले. लोकांना वाटतं जमिनीच्या पोटात तेलाचं तळं असतं. तसं काही नसतं. समुद्रातले बारीक जीव मरून तळाच्या चिखलात गाडले जातात. वर गाळावर गाळ चढतो, चिखल खोल जातो, तापतो, आणि त्या मेलेल्या जिवांचं तेल होतं, गॅस होतो. पण ज्या चिखलात ते तयार होतं तिथे त्याला राहता येत नाही, वरचा भार त्याला पिळून बाहेर काढतो. आजूबाजूच्या दगडात पाणी असतं, आणि तेल पाण्यापेक्षा हलकं. म्हणून ते वर सरकत राहतं. चिरेतून, बारीक छिद्रातून, जिथे फट मिळेल तिथून. माणसाच्या आयुष्यात बोटभरही सरकत नसेल कदाचित. चुनखडी भेटली तर तिच्यातून जातं. आणि कुठेतरी वर चिकणमातीचा असा थर येतो की त्यातून पार जाता येत नाही. त्या झाकणाखाली ते साचतं. गॅस सगळ्यात वर, मग तेल, मग पाणी.

"ते तेलाचं घर," मी म्हटलं.

आईनं सूप थांबवलं. "म्हंजी जागा आवडली म्हनून थांबत न्हाई ते. वरची वाट बंद झाली म्हनून थांबतं."

"हो आई."

"मंग त्येला घर कशाला म्हनती?" असं म्हणून ती पुन्हा पाखडायला लागली. वर्गात असतं तर आमच्या सरांनी तिला शाबासकी दिली असती.

तोवर अण्णांनी वरच्या थराच्या तुकड्याला जीभ लावली होती. मग खालच्या. मग पुन्हा वरच्या. मी म्हणाले, "अण्णा, ते औषधानं धुतलेले आहेत, तोंडात घालू नका." त्यांनी लक्ष दिलं नाही. ते उठले, आत गेले, स्टोजवळची रॉकेलची बाटली आणि एक पितळी ताटली घेऊन आले. ताटलीत जेमतेम तळ भिजेल एवढं रॉकेल ओतलं आणि दोन्ही दगड त्यात उभे केले.

"आवं, रेशनचं रॉकेल हाय ते," आई ओरडली.

"गप बस आन बघ."

आम्ही तिघंही बघत बसलो. खडूसारखा मठ्ठ दगड खालून काळपट व्हायला लागला. ओल हळूहळू वर चढत गेली, निम्म्यावर आली, मग कडेपर्यंत पोचली. भोकांचा दगड मात्र तळाला थोडा भिजला आणि तिथेच अडला. त्याची ती सुंदर भोकं कोरडीच्या कोरडी.

"बघितलं का?" अण्णा म्हणाले. "ह्येची भोकं दिसत्यात, पन बंद हायेत. एका खोलीतनं दुसऱ्या खोलीत जायाला दारच न्हाई. भट्टीत घातला असता तर फटाके वाजवले असते ह्येनं. आन ह्यो मुका दगड बघ. केसावानी चिरा हायेत त्येला, आन सगळ्या अंगानं पितोय. तेल चालंल तर ह्येच्यातनं चालंल."

मी हसले. खरंच हसले, आणि आईकडे बघून हसले. म्हटलं, "अण्णा, असं रॉकेलात बुडवून कळलं असतं तर आम्हाला कशाला ठेवलं असतं?"

आई म्हणाली, "दगडानं रॉकेल पिलं. आता च्या कशावर करू?"

अण्णांचा चेहरा पडला, पण ते रागावले नाहीत. ताटलीतलं उरलेलं रॉकेल त्यांनी जपून बाटलीत परत ओतलं. मग आईला म्हणाले, "पोरगी हापिसात तपासल. माझं खरं निघालं तर ती सांगल तुला. माझ्यावर न्हाई, तर तिच्यावर तरी इस्वास ठेवशील ना?"

"तिनं सांगितलं तर ठेवीन," आई म्हणाली. "तीस वर्सांत एकदा तरी तुमची जीभ कामाला आली म्हनून पेढं वाटीन."

हे बोलणं थट्टेचं होतं, पण नुसती थट्टा नव्हती. कारखान्याची नोकरी नाकारलेला माणूस मूर्ख होता की नव्हता, याचा निवाडा दोघांनी मिळून माझ्यावर टाकला होता. अण्णांना माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. त्यांचं खरं निघालं तर मी ते आईसमोर म्हणावं.

ऑफिसला परतल्यावर तो काळपट होत जाणारा दगड माझ्या डोक्यातून जाईना. दगडाची बोटभर कांडी कापून त्यातून हवा दाबून सोडायची आणि किती पार जाते ते मोजायचं, अशी एक तपासणी असते. नुसती भोकं किती आहेत हे वेगळं, आणि ती एकमेकांना जोडलेली आहेत का हे वेगळं. पुस्तकात मी हे शंभरदा वाचलं होतं. पण डोळ्यांना छान दिसलं की आपण पुस्तकही विसरतो. तपासणीच्या यादीत खालच्या थराचं नावच नव्हतं. मी हट्टानं ते घालायला लावलं. साहेब कुरकुरले, पण घातलं.

निकाल आला. वरच्या थराच्या कांड्यांतून हवा जवळजवळ जातच नव्हती. खालच्या थरातून ती सुरळीत जात होती. मोठ्या साहेबांनी मला विचारलं, "तुम्हाला हे कसं सुचलं?"

आता, इथे मी काय सांगायला हवं होतं? माझे वडील दगड चाटतात हे? ऑफिसातला दगड मी पर्समधून घरी नेला हे? मी म्हटलं, "सूक्ष्मदर्शकाखाली चिरा दिसल्या होत्या, सर." तेही खोटं नव्हतं. परतल्यावर मी बघितल्या होत्या. पण कुठे बघायचं ते मला ताटलीतल्या रॉकेलानं शिकवलं होतं, आणि ते मी गिळून टाकलं.

पुढे बरेच महिने गेले. विहिरीच्या पाइपाला आधी खालच्या थरात भोकं पाडायची ठरली. तिथून तेल आलं, चांगलं आलं. नंतर वरचा थर उघडून बघितला तर त्यानं तोंडाला पानं पुसली. माझं नाव अहवालात आलं. कँटीनमध्ये लोक येऊन हात मिळवून जायचे. मी एवढी खूश होते की त्या आनंदात तो शोध माझाच आहे असं मला मनापासून वाटायला लागलं होतं.

घरी गेले की अण्णा विचारायचे. मला एकटीला गाठून कधीच विचारलं नाही. आई ऐकू येईल एवढ्या अंतरावर असायची तेव्हाच विचारायचे. "त्या माझ्या दगडाचं काय झालं गं?"

"अजून रिपोर्ट यायचाय, अण्णा."

"एवढा येळ?"

"सरकारी काम असतं ते."

आई आतून म्हणायची, "येतोय, येतोय. भट्टी पुन्हा सुरू झाली की रिपोट बी येतोय."

खरं का सांगितलं नाही? दगड बाहेर नेल्याचं कुणाला कळेल ही भीती होती. पण कोपरगावच्या बुद्धवाड्यातून मुंबईच्या साहेबाच्या कानाला कोण लागणार होतं? ते निमित्त होतं. शोध माझा आहे हे समाधान मला सोडवत नव्हतं, हे एक. आणि दुसरं आईचं. अण्णांचं खरं होतं असं मी म्हटलं असतं तर आईच्या एवढ्या वर्षांच्या रागाचं काय झालं असतं? तिनं ज्या उन्हात माझ्यासाठी खुरपं चालवलं, त्या उन्हात उभं राहून मी कशी म्हणू की तुझा नवरा शहाणा होता? मला वाटायचं, कधीतरी सवडीनं, नीट शब्द जुळवून सांगीन. दोघांपैकी कुणाचं मन मोडणार नाही असं. शब्द जुळले नाहीत. मी नुसतीच पुढे ढकलत राहिले.

मग आई आजारी पडली. आधी पाय सुजले, मग पोटात पाणी झालं. कोपरगावच्या डॉक्टरांनी नगरला न्यायला सांगितलं. अण्णा तिच्याबरोबर नगरच्या दवाखान्यात राहिले, कॉटखाली सतरंजी टाकून. शेजाऱ्यांच्या फोनवरून निरोप यायचे, आणि मला रजा मिळायची ती रविवारची. असे दोन रविवार मी जाऊन आले. दुसऱ्या रविवारी मी ठरवून गेले होते की आज सांगायचंच. एसटीत बसून वाक्यं तयार केली होती. पण आईचे हात बघितले आणि सगळं विसरले. हाडाला नुसती कातडी चिकटली होती. ती अधूनमधून डोळे उघडायची, इकडच्या तिकडच्या चार गोष्टी विचारायची, मी उत्तरं द्यायचे. अण्णा पायाशी बसून तिचे तळवे चोळत होते. मी म्हटलं, आता दगडाचं काय घेऊन बसायचं. ती बरी होऊन घरी आली की सांगू. चारच्या गाडीनं मी परत गेले.

गुरुवारी आई गेली.

जलदान विधीला सगळा वाडा आला होता. वंदना झाली, लोक जेवले, गेले. अण्णा कुणाशी बोलले नाहीत. मी त्यांना माझ्याबरोबर चला म्हणाले, ते नको म्हणाले. पुढचं वर्ष ते एकटेच राहिले. मी दोनतीनदा जाऊन आले. जो प्रश्न मी इतकी वर्षं चुकवत होते तो त्यांनी आता एकदाही विचारला नाही. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग ते न विचारणंच अंगावर यायला लागलं. हा माणूस विसरला असेल, असं मी स्वतःला सांगायचे. विसरले नव्हते ते, मला माहीत होतं.

वर्षश्राद्ध आमच्यात नसतं, पण तिच्या स्मरणाचा कार्यक्रम ठेवला होता. तो झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच घरात होतो. मी चहा केला. कप त्यांच्या हातात दिला आणि एका दमात सांगून टाकलं.

"अण्णा, तुमचा दगड बरोबर होता. खालच्या थरातूनच तेल आलं. वरचा बंद निघाला. तुम्ही सांगितलं होतं तसंच सगळं झालं. ऑफिसात मी तुमचं नाव सांगितलं नाही, आणि घरीही बोलले नाही. चुकलं माझं."

त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं होतं ते हसतील, निदान मान तरी हलवतील. त्यांनी विचारलं, "कवा कळलं तुला?"

"आई आजारी पडायच्या आधी. बरंच आधी."

ते मग हळूहळू बोलायला लागले, आणि मी ते आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

"दवाखान्यात ती लई घाबरायची. रातध्याड एकच. म्हनायची, माझं सगळं आयुष्य उसात गेलं, कशासाठी गेलं? मला वाटलं, हिला कायतरी बरं वाटंल असं सांगावं. मी म्हनलं, पोरीचं पत्र आलंय. माझा दगड खरा निघाला म्हनून लिवलंय. हापिसात समद्यांनी मान्य केलं म्हनून लिवलंय. ती म्हनली, वाचून दावा. माझ्या पिशवीत तुझं जुनं पत्र हुतं, तेच हुघडलं आन मनानं वाचलं. तिला काय वाचता येत न्हाई. ऐकून तिनं ते पत्र हातात घेतलं आन उशीखाली ठिवलं. तोंडावर जरा हसू आलं तिच्या. दोन दिस ती शांत हुती. नर्सबाईला बी सांगितलं तिनं, आमच्या मालकांना दगडातलं लई कळतं."

अण्णांनी कप जरा बाजूला सरकवला.

"मंग रविवारी तू आलीस. तिनं तुला इचारलं, मधी पत्र धाडलं हुतंस का गं? आठवतं का?"

आठवलं. त्या क्षणी सगळंच्या सगळं आठवलं. आईनं डोळे उघडून विचारलं होतं, आणि मला वाटलं ती तक्रार करतेय. मी ओशाळून म्हणाले होते, "नाही गं आई. दोन महिन्यांत एक ओळ लिहायला सवड झाली नाही."

"तू गेल्यावर तिनं उशीखालनं पत्र काढलं आन माझ्या हातात दिलं. म्हनली, जाताना तरी मला फसवायचं नव्हतं. मी काय बोलनार? मला बी वाटत हुतं की मी फसवलंय. त्येच्यानंतर ती माझ्याशी बोलली न्हाई. चार दिस. पानी बी नर्सबाईच्या हातनं पिली."

बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर बाजारभाव लागले होते. मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, "अण्णा, मला माफ करा." त्यांनी माझे हात बाजूला केले, रागानं नाही, ताट सरकवावं तसे. त्यांना तेव्हा माझी माफी नको होती. ते काहीतरी मनाशी लावून बघत होते.

"म्हंजी मी तिला वाचून दावलं ते खरंच हुतं."

"हो अण्णा."

"आन तुला ते तवा म्हाईत हुतं."

"हो."

त्यांनी निवलेला चहा उचलला आणि संपवला. कप मोरीत नेऊन ठेवला. तिथूनच, माझ्याकडे पाठ करून, म्हणाले, "मंग नुसतं 'हो, धाडलं हुतं' म्हनली असतीस तरी चाललं असतं."

पुढे अण्णा सहा वर्षं जगले. माझ्याशी नीट वागले, नंतर झालेल्या माझ्या मुलीला मांडीवर घेऊन खेळवलं, आजारपणात माझ्या हातचं जेवले. या विषयावर पुन्हा एक शब्द बोलले नाहीत.